बुधवारचा डबा

मी शाकाहारी आहे. आमचं घर माळकऱ्यांचं. आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ होती, वडिलांच्या आहे. घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. आम्ही ब्राह्मण नाही, जैन नाही, लिंगायतही नाही. त्यामुळे खाण्यापिण्यावरून कुणी जातीचा विषय काढला की मी लगेच म्हणायचे, आमच्याकडे हा जातीचा प्रश्न नाही, माळेचा आहे. वाक्य खोटं नव्हतं. पण त्याच्या आडोशाला मी बरंच काही ठेवून दिलं होतं आणि तिकडे बघायचं टाळत होते. ते आता लिहायचं ठरवलं आहे, कारण ज्यांच्यासमोर ते उघडं पडलं ती मुलं विशीतली आहेत आणि मी त्यांची शिक्षिका आहे. त्यांच्याशी बोलून झालं. स्वतःशी पुरतं बोलून झालेलं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राज्यशास्त्र शिकवते. आमच्या कॉलेजातली निम्म्याहून जास्त मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीनं येतात. सकाळी सातची गाडी, तास संपले की दोनची. ती चुकली तर पुढची पाचला, आणि पाचच्या गाडीनं घरी पोचणाऱ्या मुलीला उंबऱ्यातच जाब द्यावा लागतो. म्हणून आमच्याकडे व्याख्यान असो, नाटकाची तालीम असो की चर्चा, सगळ्यांना मोकळी असणारी वेळ एकच, जेवणाची सुट्टी. चर्चामंडळ काढायचं ठरलं तेव्हा ते तिथंच बसवावं लागलं. बुधवारी, ग्रंथालयामागच्या खोलीत, सतरंजीवर गोल बसून, समोर डबे उघडून. कुणीतरी त्याला ‘बुधवारचा डबा’ म्हणायला लागलं आणि नोटीस बोर्डावरही तेच नाव लागलं.

मला या बैठकीचा फार अभिमान होता. आपल्याकडे व्याख्यानमालांची परंपरा मोठी आहे. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली सुरू झाली, आणि तालुक्यातालुक्यात आजही कुठली ना कुठली व्याख्यानमाला चालते. पण तिथं वक्ता वर आणि श्रोते खाली. आमच्याकडे व्यासपीठच नव्हतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आम्ही त्यावर बोललो. एक मुलगा म्हणाला, ‘आमच्या पण गावानं ठराव केला. आईला हळदीकुंकवाला बोलावणं मात्र अजून आलेलं नाही.’ पुस्तकात वाचून असं वाक्य हाती लागत नाही. मी घरी जाऊन ते लिहून ठेवलं होतं. मुलींची घटती संख्या, स्पर्धा परीक्षांत जाणारी पाच-पाच वर्षं, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या काढलेल्या गर्भपिशव्या, सगळे विषय झाले. मी मनाशी म्हणायचे, समता ही वर्गात शिकवायची गोष्ट नाही, ती अशी एकत्र जेवताना रुजते.

आता या बैठकीच्या एका नियमाबद्दल.

सुरुवातीच्या एका बुधवारी माझ्या शेजारी बसलेल्या मुलानं डबा उघडला. भाकरी आणि सुकटीची चटणी. वास आला तसं माझ्या पोटात ढवळलं. मी काही बोलले नाही, पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्तानं उठले आणि परत येताना दुसरीकडे बसले. त्यानं ते पाहिलं का, मला माहीत नाही. मला तेव्हा तो प्रश्न पडलाही नव्हता. चर्चा संपल्यावर मी सगळ्यांना म्हटलं, ‘आपण बुधवारी शाकाहारीच डबा आणत जाऊ या का? म्हणजे सगळ्यांना एकमेकांच्या डब्यातलं घेता येईल.’ मुलं ‘हो मॅडम’ म्हणाली. ते मी त्यांची संमती धरलं. सत्ता आणि संमती यांच्यावर मी पदवीच्या वर्गाला दरवर्षी तास घेते. शिक्षिकेनं विचारलं की मुलं ‘हो’ म्हणतात, एवढं साधं कळायला मला तो अभ्यासक्रम पुरला नाही.

पुढच्या वर्षी नोटिशीत ओळ आली: ‘आपला डबा (शाकाहारी) घेऊन यावे.’ तो कंस माझ्या हातचा.

मला माहिती नव्हती, इतिहास ठाऊक नव्हता, असं म्हणायची सोय मला नाही. कोण कुणाबरोबर काय खातो यावरून महाराष्ट्रात केवढं रण माजलं आहे हे मी दरवर्षी शिकवते. १८९० साली पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळी चहाला गेली. गोपाळराव जोशींनी त्यांची नावं छापून आणली आणि एका चहाबिस्किटापायी जातिबहिष्काराचं ग्रामण्य उभं राहिलं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आणि साताऱ्यात राहून भाऊराव पाटलांचं नाव न घेता कसं चालेल? ते जन्मानं जैन. कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना ते अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला गेले, परत आल्यावर आंघोळ न करताच बोर्डिंगच्या भोजनगृहात शिरले आणि त्यावरून त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं नामकरण झालं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ही गोष्ट मी बुधवारच्या बैठकीत सांगितलेली आहे. सांगताना गळा दाटून आला होता, तेही आठवतं. आणि तेव्हा नियम लागू होता.

२०२३ साली मुंबईच्या आयआयटीत खाण्याच्या टेबलांवरून वाद झाला. आधी एका वसतिगृहाच्या उपाहारगृहात ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावे’ असे कागद चिकटवलेले सापडले. मग सप्टेंबरात तीन वसतिगृहांच्या सामाईक मेसमध्ये सहा टेबलं शाकाहारी मुलांसाठी राखून ठेवली गेली. काही विद्यार्थ्यांनी त्या टेबलांवर बसून निषेध केला आणि त्यातल्या एकाला १०,००० रुपये दंड झाला. आमच्या स्टाफरूममध्ये यावर जोरात बोलणं झालं. मी टेबलांच्या बाजूनं होते. माझं म्हणणं असं की बाकीची सगळी टेबलं मोकळी आहेतच, सहा टेबलांनी कुणाचं काय जातं? एक तरुण सहकारी म्हणाले, ‘मॅडम, टेबल जात नाही, माणूस उठवला जातो.’ मला ते भाषण वाटलं. मी डब्याचं झाकण लावलं आणि तासाला गेले.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस सरकारनं शालेय पोषण आहारातल्या अंड्यांसाठीचा निधी थांबवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्याला केळं, असं ठरलं होतं. ते वर्षाच्या वर थोडं चाललं. त्यापुढे ज्या शाळेला अंडी द्यायची असतील तिनं लोकसहभागातून पैसे उभे करावेत, असं झालं. विषय ताजा होता, मुलांच्या घरातली धाकटी भावंडं शाळेत होती. फेब्रुवारीतल्या एका बुधवारी आम्ही तोच घेतला.

त्या दिवसाबद्दल मला सावकाश लिहायचं आहे.

खोली भरलेली होती. मी फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहीत होते. एका मुलीनं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतले आकडे आणले होते: महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या १०० मुलांमागे ३५ मुलं वयाच्या मानानं खुजी, ३६ कमी वजनाची. एकानं तिला अडवलं की हे आकडे शाळेआधीच्या वयाचे आहेत, शाळेच्या जेवणाचा इथं काय संबंध. ती म्हणाली, ‘तीच पोरं पहिलीत येतात ना?’ एक जण म्हणाला, तामिळनाडूत शाळेचे पाचही दिवस अंडं मिळतं. एक मुलगा म्हणाला, शेंगदाण्याची चिक्की द्या, भांडणच मिटलं. चर्चा छान चालली होती. मी दोन्ही बाजूंना सारखा वेळ देत होते आणि निःपक्षपातीपणाचं समाधान अनुभवत होते.

दाराजवळ तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा बसायचा. न चुकता यायचा, क्वचित बोलायचा. त्यानं हात वर केला.

‘मॅडम, शाळेत अंडं द्यावं का यावर आपण बोलतोय. इथं चालतं का?’

मला समजलं होतं, तरी मी विचारलं, ‘म्हणजे?’

‘डब्यात, मॅडम. इथं आणलेलं चालतं का?’

‘इथं आपण सगळ्यांच्या सोयीसाठी ठरवलंय,’ मी म्हटलं. ‘कुणाला अडचण व्हायला नको म्हणून.’

‘कुणाला होते?’

त्याच्या आवाजात खोच नव्हती. असती तर मला बरं झालं असतं. उद्धटपणा झाला म्हणून मी सुटले असते. त्याला खरंच माहिती हवी होती. आणि मला तेव्हा खात्री होती की उत्तर माझ्या बाजूनं येईल. मी सगळ्यांना म्हटलं, ‘जे मांसाहार करत नाहीत त्यांनी हात वर करा.’ तीसेक मुलांत चार हात वर गेले. मी मनात निदान दहा-बारा धरले होते. का धरले होते? देशातले ७० टक्क्यांहून जास्त लोक मांसाहारी आहेत, हे नमुना नोंदणी पाहणीचे २०१४ चे आकडे मी स्वतः वर्गात सांगितलेले आहेत. पण त्या खोलीत इतकी वर्षं सगळे डबे शाकाहारी दिसत होते, म्हणून मुलंही शाकाहारी असतील असं माझ्या मनानं परस्पर धरलं होतं. नियम मीच केला आणि त्या नियमानं जे दिसायला लागलं त्यावर मीच विश्वास ठेवला.

त्या चार हातांपैकी एक हात एका मुलीचा होता. ती म्हणाली, ‘मी खात नाही मॅडम, पण शेजारी कुणी खाल्लं तर मला काही होत नाही. हॉस्टेलला माझी रूममेट खातेच की.’ उरलेल्या तिघांनीही मान हलवली. म्हणजे अडचण होणारं माणूस त्या खोलीत एकच उरलं होतं, आणि ते फळ्यापाशी खडू धरून उभं होतं.

मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगते. मला राग आला. त्या मुलाचा. सगळ्यांसमोर यानं आपल्याला खाली पाहायला लावलं, असं वाटलं. एवढं आपण यांच्यासाठी करतो, सुट्टीतला वेळ देतो, आणि हे आपल्यालाच विचारतात. हा विचार माझ्या मनात पूर्ण वाक्यात आला, आणि ‘यांच्यासाठी’, ‘हे’ या शब्दांत मी नेमकं कुणाला धरत होते ते मला त्याच क्षणी समजलं. तो मुलगा कोणत्या वस्तीतून येतो ते मला माहीत होतं. त्याच्या जागी मघाशी चिक्की सुचवणारा मुलगा असता तर मला राग आला नसता, गंमत वाटली असती. रागाचं माप माणूस पाहून बदललं होतं.

मग माझं लक्ष त्याच्या डब्याकडे गेलं. डबा समोर होता, बंद. मी आठवायचा प्रयत्न केला की हा बुधवारी काय खातो. मला आठवेना. तो इतके महिने येत होता आणि त्याला खाताना मी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. घंटा झाली, मुलं उठली, दोनची गाडी होती. मी त्याला उत्तर दिलं नाही. ‘पुढच्या वेळी बोलू’ म्हणाले. शिक्षकांना ही पळवाट नेहमी उघडी असते.

स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ बाईंना सांगितलं. त्यांनी क्षणात तोडगा काढला: ‘अगं, बैठक गुरुवारी घे. गुरुवारी कुणीच खात नाही. नियमही नको आणि वादही नको.’ मला इतकं हलकं वाटलं! आपल्याकडे वारांची ही सोय असतेच; सोमवार, गुरुवार, शनिवार बहुतेक घरांत पाळतात. मी प्राचार्यांना द्यायचा अर्जसुद्धा लिहायला घेतला. कारणाच्या जागी ‘वेळापत्रकाची अडचण’ असं लिहिलं आणि थांबले. खोटं होतं ते. वार बदलून मला नियम तसाच ठेवायचा होता, फक्त आता तो माझ्या नावावर दिसला नसता.

त्याच आठवड्यात अटेंडन्स कमी का पडते हे विचारायला मी एका विद्यार्थिनीला थांबवलं. बोलता बोलता तिला बुधवारबद्दल विचारलं. तिनं जे सांगितलं ते मला कुणी कधीच सांगितलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं. ज्या मुलांच्या डब्यात अंडं किंवा सुकट असे ती आधी पार्किंगच्या पत्र्याखाली उभ्या उभ्या खाऊन मग बैठकीला यायची. मुलींना तिथं उभं राहून खाणं शक्य नव्हतं. त्या डबा पिशवीतच ठेवायच्या आणि घरी गेल्यावर चारला खायच्या. ‘आई सहाला कामावर जाते मॅडम,’ ती म्हणाली. ‘भाजी निवडत बसायला तिला वेळ नसतो. अंड्याची पोळी पटकन होते. बुधवारसाठी वेगळं कर असं मी तिला कसं सांगू? का म्हणून विचारलं तर काय सांगू?’

बुधवारच्या बैठकीत आम्ही एकदा मुलींच्या रक्तक्षयावर बोललो होतो. महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींमध्ये रक्त कमी असतं, हे मी त्यांना सांगितलं होतं. डबे बंद ठेवून बसलेल्या मुलींना. ही गोष्ट मी स्वतःला सहज माफ करू शकत नाही, आणि कुणी ‘तुम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणून समजूत घातली तर मला ती नको वाटते. उपाशी मूल समोर बसलेलं असताना ते उपाशी आहे हे न दिसणं, ही माहितीतली उणीव नव्हती.

मग मी वाचायला बसले. उशीरच झाला होता. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणींवर केलेलं काम २००९ मध्ये पुस्तिकेच्या रूपानं आलं होतं. म्हणजे कॉलेजातल्याच मुलांनी आपापल्या ताटाबद्दल बोलायचं हे काम आपल्या राज्यात माझ्या कितीतरी आधी झालेलं होतं. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ चं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं, जनावराचा कुठला भाग कसा वाळवायचा, चान्या म्हणजे वाळवलेल्या मांसाचे तुकडे कसे टिकवायचे, हे त्यांनी पाककृतींसकट लिहिलं आहे. मला ते पुस्तक मध्येच मिटावं लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. मला किळस येत होती आणि त्याच वेळी हेही दिसत होतं की ही किळस माझ्या पोटात आपोआप उगवलेली नाही. ती मला शिकवली गेली. घरात, पंगतीत, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं नाही याच्या बारीक खुणांतून. माळेनं ती शिकवली असं मी म्हणत आले. पण माळ घालणाऱ्याला स्वतःचं तोंड आवरायला सांगितलेलं असतं. शेजारच्याचा डबा बंद करायला सांगितलं आहे, असं मी एकाही कीर्तनात ऐकलेलं नाही.

पुढच्या बुधवारी मी मुलांसमोर बोलले. लांबण लावली नाही. म्हटलं, अडचण सगळ्यांची नव्हती, माझी एकटीची होती, आणि ती मी तुमच्या नावावर खपवली. कंस काढला आहे. मला वासाचा त्रास होतो, अजून होतो, म्हणून मी खिडकीजवळ बसेन. त्यात तुमचं काही चुकत नाही. दाराजवळच्या मुलाची मी सगळ्यांदेखत माफी मागितली. तो ‘असू दे मॅडम’ म्हणाला आणि खाली पाहायला लागला. नंतर मला वाटलं, त्याला असं सगळ्यांपुढे उभं करायला नको होतं. माफीसुद्धा मी माझ्या सोयीच्या जागी मागितली.

त्या बुधवारी सगळे डबे शाकाहारीच होते. त्याच्या पुढच्याही. मुलांचा भरवसा नोटिशीतला कंस खोडल्यानं परत येत नाही, हे मला कळायला हवं होतं. एके दिवशी पहिल्या वर्षाच्या एका मुलीनं अंड्याची पोळी आणली आणि काहीच झालं नाही, तेव्हा हळूहळू बाकीचे डबे खरे व्हायला लागले. वास अजूनही येतो. कधी कधी मला एक घासही जात नाही, मी नंतर खाते. नंतर खाणं काय असतं ते मला यातून थोडं समजतं. थोडंच, कारण माझ्यावर ते कुणी लादलेलं नाही.

आणि बोलणं बदललं. आधी मुलं परीक्षेतल्या उत्तरासारखी बोलायची, प्रस्तावना आणि समारोपासकट. आता तसं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्यानं दिलेल्या १० टक्के मराठा आरक्षणाचा विषय आम्ही पूर्वी एकदा घेतला होता, तेव्हा सगळे एकमेकांशी फार सभ्यपणे वागले होते आणि कुणीच मनातलं बोललं नव्हतं. तोच विषय पुन्हा घेतला तेव्हा आवाज इतके चढले की ग्रंथपाल दारात येऊन उभे राहिले. एका मुलीनं सांगितलं, शिपाई वर्गात नोटीस घेऊन येतो, ‘बी.सी.च्या विद्यार्थ्यांनी स्कॉलरशिपसाठी ऑफिसात भेटावं’, आणि पुढचा पूर्ण दिवस आपल्याकडे बघण्याची नजर बदललेली असते. त्या नोटिसा वर्गात मीही वाचल्या आहेत, हजेरी घेण्याच्या सहजतेनं. आता अशा सूचना ज्याच्या त्याच्या फोनवर पाठवाव्यात असा अर्ज मुलांनी दिला आहे. ऑफिसचं म्हणणं, बघू. दोन मित्र त्या दिवसानंतर बरेच दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. मी त्यांना एकत्र बसवून मिटवामिटवी केली नाही. पूर्वी केली असती.

हे सगळं लिहून मी इथं थांबले असते तर सोपं झालं असतं. पण बैठकीतली सतरंजी कॉलेजची आहे. घर माझं आहे.

आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं देतो. फाटकावर पाटी आहे: ‘खोल्या भाड्याने देणे आहे. फक्त शाकाहारी कुटुंबास.’ कुणी चौकशीला आलं की मी चहा विचारते आणि आधी आडनाव विचारते. आहार नंतर. हा क्रम मी कधी तपासला नव्हता. काही वर्षांपूर्वी एक मराठा कुटुंब आलं होतं. खाणारं होतं, त्यांनी ते लपवलं नाही. मी म्हटलं, घरात करू नका, बाहेर काय खायचं ते खा. तीन वर्षं राहिले. त्यांच्यानंतर सरकारी दवाखान्यात काम करणारं एक जोडपं आलं. त्यांचं आडनाव ऐकल्यावर मी पाटीकडे बोट दाखवलं. तो माणूस म्हणाला, ‘आम्ही घरात करणार नाही ताई, हवं तर लिहून देतो.’ मी म्हटलं, वडील माळकरी आहेत, त्यांना चालणार नाही. वडिलांना मी विचारलंही नव्हतं. ते तेव्हा मागच्या अंगणात बसलेले होते.

माळेचा प्रश्न आहे, जातीचा नाही, असं मी इतकी वर्षं म्हणत आले. दोन्ही कुटुंबं खाणारी होती, दोघांचीही घरात न शिजवण्याची तयारी होती. एकाला किल्ली दिली, दुसऱ्याला पाटी दाखवली. यात माळ कुठे आहे, हे मी खूप शोधलं.

मेअखेर खोल्या पुन्हा रिकाम्या होणार आहेत. परवा मी वडिलांपाशी विषय काढला. त्या जोडप्याची गोष्टही सांगितली, वडिलांचंच नाव मी कसं पुढं केलं तेही. ते बराच वेळ माळेचे मणी चाचपत बसले. मग म्हणाले, ‘त्या माणसाला माझं नाव सांगायला नको होतंस.’ मी पाटी काढू का, असं विचारलं. म्हणाले, ‘आडनाव बघू नको, हे मला पटतंय पोरी. पण जिन्यात वास आला तर मला जेवण जाणार नाही. या वयात मी कुठं जाऊ?’ मी म्हटलं, ‘अण्णा, तुमच्या जेवणासाठी कुणी घर सोडून जायचं का?’ त्यांनी उत्तर दिलं नाही. चिडले मात्र नाहीत. त्यांचं म्हणणं मला चूक वाटत नाही आणि ते मान्य करून मला पाटी तशीच ठेवताही येत नाही. आडनाव विचारायचं मी थांबवलं आहे. पाटीवरची दुसरी ओळ अजून तिथंच आहे.

पुढच्या बुधवारचा विषय भाड्याचं घर हा आहे. मुलांनीच सुचवला; त्यातले बरेच जण पुढच्या शिक्षणासाठी पुण्या-कोल्हापूरला खोल्या शोधणार आहेत. या वेळी फळ्यापाशी दाराजवळचा तो मुलगा उभा राहील. मी त्याला आमच्या फाटकावरच्या पाटीबद्दल सांगून ठेवलं आहे. आधी काय विचारू, असं तो म्हणाला. मी म्हटलं, जे सुचेल ते विचार, मी घरमालकांच्या बाजूला बसणार आहे.